आखणारा हात कुणाचा?

शाळेच्या वेळापत्रकात एक तास असा असतो की ज्याच्यावर कुणाचाही हक्क चालतो. गणिताचा भाग मागे पडला, घ्या चित्रकलेचा तास. इंग्रजीची चाचणी राहिली, घ्या चित्रकलेचा तास. स्नेहसंमेलनाची तालीम असो की कुठले सर्वेक्षणाचे फॉर्म भरायचे असोत, सर्वांना हाच तास मोकळा सापडतो. ज्या आठवड्यात तो कुणी घेतला नाही त्या आठवड्यात फळ्यावर एक आंबा निघतो, मुले तो वहीत उतरवून घेतात आणि घंटा होते. मुले हुशार असतात. हा विषय खरा नाही, हे त्यांना पाचवी-सहावीतच कळून चुकते.

शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, वसतिगृहात जागा नाही, सरकारी शाळांचा पट घसरतो आहे, आणि तुम्ही चित्रकलेचे काय घेऊन बसलात, असे आमचे काही वाचक विचारतील. त्यांचा प्रश्न रास्त आहे. तरीही आम्ही हा विषय जाणीवपूर्वक घेतो आहोत. कारण नागपूरसारख्या शहरात चित्रकलेचा तास बुडाला तर सर्वांचे सारखे नुकसान होत नाही. ज्या घरात ऐपत आहे, तिथला मुलगा संध्याकाळी खासगी क्लासला जातो. इंदोरा, टेका, जरीपटका, रामबाग, इमामवाडा येथील वस्तीतल्या मुलाला मात्र शाळेत जे मिळाले नाही ते बाहेर विकत घेता येत नाही. त्याचा तास बुडाला म्हणजे तो कायमचा बुडाला.

चार पेपर काय शिकवतात?

महाराष्ट्राच्या कला संचालनालयातर्फे शालेय विद्यार्थ्यांसाठी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन रेखाकला परीक्षा घेतल्या जातात. खेड्यापाड्यातील लाखो मुलांनी पिढ्यान् पिढ्या या परीक्षा दिल्या आहेत. त्यांत समोर ठेवलेली वस्तू पाहून काढायची असते, आठवणीतून प्रसंग उभा करायचा असतो, दिलेल्या आकारात नक्षीचे संकल्पचित्र रचायचे असते आणि कंपास-पट्टी घेऊन भूमिती व अक्षरलेखन करायचे असते. इंटरमिजिएटला यात घनभूमिती येते.

हा अभ्यासक्रम जुना आहे, त्यात सुधारणेला भरपूर वाव आहे. पण त्यामागचा विचार नीट पाहिला तर तो फार मोलाचा आहे. वस्तुचित्र मुलाला सांगते की तांब्याचे तोंड गोल आहे हे तुला माहीत असले तरी तू बसला आहेस तिथून ते लंबवर्तुळ दिसते. जे ठाऊक आहे ते बाजूला ठेव आणि जे दिसते ते काढ. ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता स्वतः पाहून खात्री करण्याची ही पहिली शिकवण होय. स्मरणचित्र सांगते की तुझे जगणे चित्राचा विषय होऊ शकते. संकल्पचित्र सांगते की रिकाम्या जागेची रचना करण्याचा अधिकार तुला आहे. घनभूमिती एकच वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसते ते कागदावर मांडायला लावते. पुढे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला किंवा आय.टी.आय.च्या आरेखक अभ्यासक्रमाला आमची मुले ज्या ड्रॉइंगच्या विषयात अडतात, त्याचा पाया इथे आठवी-नववीत घातला जातो.

अलीकडच्या वर्षांत इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळू लागले. अ श्रेणीला ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३. गुण मिळतात म्हणून पालक जागे झाले, हे चांगलेच. पण गुणांबरोबर गुणांची दुकानदारीही आली. तयार स्मरणचित्र पाठ करून घ्यायचे, तयार नक्षी हातात बसवून घ्यायची, विषय कोणताही आला तरी तीच माणसे आणि तेच झाड कागदावर उतरवायचे. अशा तयारीने श्रेणी मिळेल, पण मुलगा पाहायला शिकणार नाही.

नागपुरातल्या कोणत्याही आठवीच्या मुलाला सांगून पाहा, बाळा, एक देखावा काढ. तो दोन डोंगर काढील, त्यांमधून उगवणारा सूर्य काढील, एक नदी, एक कौलारू झोपडी आणि नारळाचे झाड काढील. हा देखावा त्याने कुठे पाहिला? नागपुरात ना असे डोंगर आहेत ना नारळाच्या रांगा. त्याने पाहिले आहेत कोराडीच्या वीज केंद्राचे धुराडे, रेल्वे फाटकावर थांबलेल्या सायकली, संत्र्यांनी भरलेले ट्रक, मे महिन्यात दारावर लागलेला कूलर, नळावरची रांग आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्याने वाहणारा पांढऱ्या कपड्यांचा लोंढा. यातले काहीच त्याच्या वहीत येत नाही. कारण आपले जगणे चित्रात काढण्याजोगे आहे, हे त्याला कुणी सांगितलेच नाही. ज्या समाजाला शतकानुशतके स्वतःकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायला लावले, त्या समाजाच्या मुलाने डोंगर-झोपडीचे उसने चित्र काढावे, ही साधी गोष्ट नाही.

हात आमचे, आखणी त्यांची

या देशात हाताने काम करणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. मडके, जोडा, टोपली, कापड, नांगर, दागिना, सारे शूद्र-अतिशूद्रांच्या हातांनी घडवले. विदर्भातले महार शेतीकाम आणि गावकामाबरोबर जाडेभरडे कापड विणत, याची नोंद इंग्रजी अमदानीतील अभ्यासकांनी केली आहे. कोष्टी बांधवांची विणकरी तर नागपूरची ओळखच होती. पुढे १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली आणि हातमागावरची माणसे गिरणीच्या दारात उभी राहिली.

गिरणीत तरी जात सुटली का? मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास सांगतो की सुटली नाही. विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून स्पृश्य कामगारांना विटाळाची भीती! १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न वेशीवर टांगला आणि विणकाम खाते खुले करण्याची मागणी लावून धरली. जातीमुळे कामे नुसती वाटली जात नाहीत, काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडून खाली-वर रचली जातात, हे त्यांनी पुढे १९३६ मध्ये जातिसंस्थेच्या चिकित्सेत सविस्तर दाखवले.

आम्हाला त्यात आणखी एक पायरी दिसते. विणणाऱ्याच्याही वर एक माणूस असतो. काठ किती रुंद, पदरावर कोणती नक्षी, कोणता रंग कुठे, हे तो ठरवतो. घर बांधणारा मिस्त्री वेगळा आणि नकाशा काढणारा वेगळा. मजूर रेघेवर चालतो, रेघ दुसराच कुणी आखतो. ज्याला आज डिझाइन म्हणतात ते हेच, आधी ठरवणे आणि आखणे. नफा, नाव आणि प्रतिष्ठा आखणाऱ्याकडे जाते. आमच्या समाजाला हात चालवायला लावले गेले, आखू मात्र दिले नाही. म्हणून शाळेतील चित्रकलेचा प्रश्न हा छंदाचा प्रश्न राहत नाही. आखणाऱ्या माणसांत आमची मुले असणार की नाही, हा तो प्रश्न आहे.

इथे एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. हस्तकलेचे शिक्षण म्हटले की आमच्या माणसाच्या मनात पाल चुकचुकते आणि ती उगीच चुकचुकत नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने अशी योजना आणली की मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसावे आणि उरलेला वेळ घरच्या धंद्यात घालवावा. न्हाव्याच्या मुलाने वस्तरा धरावा, कुंभाराच्या मुलाने चाक फिरवावे. पेरियार आणि द्रविड चळवळीने याला कुलशिक्षण म्हटले आणि रान उठवले. १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाले आणि ही योजना गुंडाळावी लागली. त्याआधी १९३७ मध्ये आपल्या शेजारी वर्ध्याला नई तालीमची योजना मांडली गेली. तीत सूतकताईसारख्या हस्तोद्योगाभोवती सारे शिक्षण बांधलेले होते. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ पासून सेवाग्रामला मुलांना चित्रकला शिकवत होते आणि मुलाच्या स्वतंत्र अभिव्यक्तीला त्यांनी मोठे स्थान दिले, हे त्यांचे काम आम्ही मानतो. पण हस्तोद्योग शिकवताना मुलाला बापाच्या धंद्यापासून मोकळे करायचे की त्याच धंद्याला बांधायचे, हा प्रश्न शिल्लक राहतोच. आमचे म्हणणे असे की चर्मकाराच्या मुलाला चामडे शिवायला शाळेत शिकवू नका, त्याला जोडा आखायला शिकवा. आणि ब्राह्मणाच्या मुलाच्या हातात त्याच तासाला माती द्या. एकाच बाकावर दोघांनी एकच काम केले तर श्रमाची प्रतिष्ठा हा शब्द पुस्तकातून बाहेर येईल.

नागपूर हीच चित्रशाळा

साधने नाहीत, असे कुणी म्हणत असेल तर त्याने आपल्या शहराकडे नीट पाहिलेले नाही. सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला आपण अजब बंगला म्हणतो, ते १८६३ पासून उभे आहे. तिथली दगडी शिल्पे पाहायला मुले जातात ती सहलीत, रांगेने, अर्ध्या तासात. एका मुलाला एका शिल्पासमोर पेन्सिल-कागद देऊन तासभर बसवले तर तो तिथून वेगळा होऊन उठेल.

भंडारा जिल्ह्यातील पवनीला १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आला. त्या प्राचीन काळातील बौद्ध शिल्पकारांनी तथागतांची मूर्ती घडवली नाही. बोधिवृक्ष, धम्मचक्र, पाऊलखुणा, रिकामे आसन एवढ्यावर त्यांनी बुद्धाचे अस्तित्व सांगितले. मोजक्या खुणांत मोठा आशय बसवणे यालाच तर संकल्पचित्र म्हणतात. आमच्या मुलांना बोधचिन्ह म्हणजे काय हे शिकवायला परदेशी कंपन्यांचे नमुने कशाला हवेत?

दीक्षाभूमीचा स्तूप घ्या. वास्तुविशारद शिवदानमल यांनी सांचीचा आकार समोर ठेवला. पण सांचीचा स्तूप आतून भरीव आहे, त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालतात. इथे लाखो माणसांना आत यायचे होते. म्हणून घुमट पोकळ ठेवून आत सभागृह केले आणि चार दिशांना चार दारे दिली. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जुने रूप राखून नवी गरज कशी भागवायची, याचे याहून चांगले उदाहरण डिझाइनच्या कोणत्या पुस्तकात मिळेल? आमची मुले वर्षातून अनेकदा तिथे जातात, मोबाइलवर छायाचित्रही काढतात. पण अर्धवर्तुळ आणि मध्यरेषा घेऊन तो घुमट कागदावर किती जणांनी आखला आहे?

जयंतीच्या मिरवणुकीतील फलकांवर अशोकचक्र असते. अनेकदा त्याच्या आऱ्या चुकलेल्या असतात, कुठे वीस, कुठे बावीस. चोवीस आऱ्या म्हणजे दोन आऱ्यांत पंधरा अंशांचा कोन. कंपासने साठ अंश घ्या, त्याचा दुभाग करा म्हणजे तीस, पुन्हा दुभाग करा म्हणजे पंधरा. कोनमापकाशिवाय अचूक चक्र निघते. आठ आऱ्यांचे धम्मचक्र हवे असेल तर पंचेचाळीस अंश. आठवीच्या मुलाला एका तासात भूमिती, रचना आणि आपला वारसा तिन्ही मिळतात. पंचशील ध्वजाची गोष्टही मुलांना सांगावी. १८८५ मध्ये कोलंबोतील बौद्धांनी समिती नेमून तो ध्वज ठरवला. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पाच पट्टे आणि सहाव्या पट्ट्यात पाचही रंग. वसाहतीच्या राज्यात दबलेल्या लोकांनी स्वतःचे चिन्ह स्वतः आखले आणि पुढे ते जगभरच्या बौद्धांनी स्वीकारले.

शहराने कलावंतही दिले आहेत. सवी सावरकर यांचा जन्म १९६१ मध्ये नागपूरचा. इथे कलेची पदवी घेऊन ते बडोद्याला गेले आणि पुढे दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकवू लागले. गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य, देवदासी, या त्यांच्या चित्रांनी भारतीय कलेच्या सोवळ्या दालनात खळबळ उडवली. २०११ मध्ये दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी ‘भीमायन’ या चित्रग्रंथात बाबासाहेबांचे जीवन आपल्या पारंपरिक शैलीत रेखाटले. इंग्रजी चित्रकथांच्या चौकटी त्यांनी नाकारल्या आणि पानांची मांडणी आपल्या पद्धतीने केली. ही नावे आमच्या किती शाळांत उच्चारली जातात? आमची मुले पिकासोचे नाव पाठ करतात. तेही करावे. पण आपल्या गावचा चित्रकार त्यांना माहीत नसावा, हा दोष मुलांचा नाही.

पोट भरते का?

पालकांचा खरा प्रश्न हा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. आमच्या वस्त्यांत एकेकाळी घरटी नाही तरी गल्लोगल्ली एक पेंटर असे. मोर्चाचे फलक, विहारावरची अक्षरे, पंचायतीच्या निवडणुकीच्या भिंती, दुकानांच्या पाट्या तोच रंगवी. नामांतराच्या लढ्यातल्या भिंती अशाच हातांनी बोलत्या केल्या. त्याचे वळणदार अक्षर पाहून आम्ही थांबत असू. फ्लेक्सचे यंत्र आले आणि हे हात रिकामे झाले. कित्येक जण रिक्षा चालवू लागले, कित्येक इमारतींना रंग देऊ लागले. हे पाहिलेला बाप आपल्या मुलाला चित्रकलेपासून दूर ठेवतो, यात त्याचे काय चुकले?

पण या घटनेचा दुसरा अर्थही पाहिला पाहिजे. अक्षर संपले नाही, ते संगणकावर गेले. फ्लेक्सचा नमुना कुणीतरी आखतोच. त्या खुर्चीत आमचा पेंटर बसू शकला नाही, कारण त्याच्याजवळ कसब होते पण शिक्षण नव्हते. आज उपयोजित कला, वस्त्र आखणी, ॲनिमेशन, वस्तूंचे डिझाइन, वास्तुशास्त्र अशी दारे आहेत. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये सुरू झाली. तिच्या आधी १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने भारत सरकारला जो अहवाल दिला, त्यात त्यांनी सर्वाधिक वाखाणणी केली ती साध्या तांब्याची, म्हणजे लोट्याची! तो लोटा घडवणाऱ्यांची नातवंडे त्या संस्थेत किती पोहोचली, असे विचारण्याचा आम्हाला हक्क आहे. आय.आय.टी.मधील डिझाइनच्या पदवीसाठी २०१५ पासून वेगळी प्रवेश परीक्षा आहे. सरकारी संस्थांत राखीव जागा आहेत. पण या परीक्षांत चित्र काढावे लागते, वस्तूचा विचार मांडावा लागतो. वास्तुशास्त्राच्या प्रवेशालाही चित्र आहेच. ज्याने सहावी ते दहावी पेन्सिल धरली नाही, तो बारावीनंतर महिनाभरात काय उभे करणार? मग राखीव जागा तिथपर्यंत पोहोचू न शकलेल्या मुलाच्या काय कामाची?

आणि आपल्याच शहरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. अशी शासकीय महाविद्यालये राज्यात मोजकीच. विदर्भातल्या मुलाला कमी खर्चात कलाशिक्षण देणारे हे दार घराजवळ असून आमच्या अनेक पालकांना त्याचा पत्ता नाही.

कायदा काय म्हणतो?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिले आहे की सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळेत कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असले पाहिजेत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा विषय सक्तीचा करावा असे सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांत भिंत नको असे जाहीर केले. कागद तिन्ही वेळा उत्तम आहे. प्रत्यक्षात कलाशिक्षक निवृत्त झाला की अनेक शाळांत त्याची जागा रिकामी राहते. अंशकालीन निदेशकाला मानधन तुटपुंजे, तेही वेळेवर नाही, आणि पुढच्या वर्षी काम राहील याची खात्री नाही. ज्याच्या स्वतःच्या पोटाची रेघ सरळ नाही, त्याने मुलांना काय म्हणून शिकवावे? शिवाय हा कायदा आठवीला संपतो. नववी-दहावीत, जेव्हा मुलाची दिशा ठरते, तेव्हा त्याच्यामागे कायद्याचे एवढेही बळ उरत नाही.

शासनाकडे मागणी केलीच पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना कायद्याने स्थान आहे. आपल्या शाळेत कलाशिक्षक आहे का, तास होतो का, रेखाकला परीक्षेला मुले बसवली जातात का, हे तीन प्रश्न पुढच्या बैठकीत लेखी विचारा आणि उत्तरही लेखी मागा.

पण केवळ शासनाच्या तोंडाकडे पाहत बसण्याची आपली परंपरा नाही. आपल्या वस्तीत विहार आहे. रविवारी वंदना झाल्यावर दोन तास तिथे सतरंजी मोकळी असते. कला महाविद्यालयात शिकणारा किंवा शिकून बाहेर पडलेला एखादा तरुण आसपास असतो. हात रिकामे झालेला जुना पेंटर तर नक्कीच असतो. त्याला मानाने बोलवा, थोडे मानधन द्या, अक्षरलेखन त्याच्याकडून शिकवा. आता जयंतीला आणि महापरिनिर्वाण दिनाला हार-फुलांऐवजी ‘एक वही, एक पेन’ देण्याची चांगली प्रथा रुजली आहे. त्या वहीबरोबर एक चित्रकलेची वही, दोन पेन्सिली आणि एक रंगपेटी ठेवा. मुलांना फळ्यावरचा आंबा उतरवू देऊ नका. घरातली कळशी समोर ठेवा, आईची शिलाई मशीन ठेवा, बाबांची सायकल ठेवा आणि म्हणा, दिसते तसे काढ. चित्र वाकडे आले तरी हसू नका. मुलीला आवर्जून बसवा, कारण रांगोळीपुरता हात चालवण्याची मुभा तिला घरात मिळते, कागदावर स्वतःचे काही मांडण्याची मिळत नाही. दहा मुले एलिमेंटरीला बसवली तर पुढच्या वर्षी वीस येतील.

बाबासाहेबांनी या देशाचा आराखडा लिहिला. त्यांच्या लेकरांनी दुसऱ्याच्या आराखड्यावर विटा रचत राहावे, हे आपल्याला मान्य आहे काय? मान्य नसेल तर चित्रकलेचा तास कुणाला फुकट घेऊ देऊ नका. नव्या सत्रात शाळेची पहिली बैठक होईल, तेव्हा समाजबांधवांनी हा विषय तिथे जरूर काढावा.